कृपा म्हणजे नेमकं काय? सालदाराची वही, लेकीचं माहेर आणि नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी खान्देशातल्या गावांमध्ये तीस वर्षं विविध कार्यकारी सोसायटीचा गटसचिव होतो. पीककर्ज, वसुली, थकबाकी, बेबाकी दाखला (काही देणं उरलं नाही याचा) यातच माझं आयुष्य गेलं. रविवारी चर्चमध्ये उपासनेला शेवटच्या बाकावर बसायचं आणि सोमवारी कुणाच्या तरी दारात वसुलीला उभं राहायचं. निवृत्त झाल्यावर पाळकांनी मंडळीतल्या तरुणांचा वर्ग माझ्या गळ्यात घातला. म्हणाले, "आप्पा, तुम्हाला हिशोब कळतो, तेव्हा कृपा तुम्हीच समजावून सांगा." त्यांना विनोद करायचा होता की काय, मला अजून उमगलेलं नाही. खालचे प्रश्न त्या वर्गातले आहेत. काही शेजाऱ्यांनी ओट्यावर विचारले, काही लग्नाच्या पंगतीत.

कृपा हा शब्द तर आम्ही रोजच वापरतो. चर्चमध्ये त्याचा काही वेगळा अर्थ आहे का?

रोज वापरतो हे खरं. लग्नपत्रिकेवर "आमचे येथे श्रीकृपेकरून" असतं, आमच्या पत्रिकांवर "प्रभूच्या कृपेने". दवाखान्यात "कृपया चपला बाहेर काढा" ही पाटी असते. कुणाची बदली सोयीच्या गावी झाली की लोक म्हणतात, साहेबांची कृपा. या शेवटच्या वापरात मेख आहे. साहेबांची कृपा मिळवावी लागते आणि पुढे ती फेडावीही लागते.

नव्या करारात मूळ ग्रीक शब्द आहे 'खारिस'. मर्जी, देणगी आणि आभार हे तिन्ही अर्थ त्यात आहेत, आणि आनंदाला असलेला ग्रीक शब्दही त्याच्याच कुळातला. ख्रिस्ती विश्वासात कृपा म्हणजे माणसाची लायकी न पाहता देवाने त्याच्यावर आधी केलेलं प्रेम. 'आधी' या शब्दाखाली रेघ मारून ठेवा. येशूचा प्रेषित पौल रोमकरांस पत्रात लिहितो की आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला. आपण सुधारलो, मग देवाला आवडू लागलो, असा क्रम त्यात नाही.

दया, क्षमा आणि कृपा, तिन्ही एकच ना?

जवळचे आहेत, एक नाहीत. रावेरकडच्या एखाद्या मळ्यात पोरगा केळी चोरताना सापडला. मालकाने मारलं नाही, पोलिसातही दिलं नाही, तर ती दया. पुढच्या हंगामात त्याच पोराला कामावर घेतलं आणि जुनी गोष्ट काढली नाही, तर ती क्षमा. आणि त्याच दिवशी, तो मान खाली घालून निघालेला असताना, एक फणी तोडून त्याच्या हातात ठेवली, तर ती कृपा. तिसरं करणारा मळेवाला मला आजवर एकच भेटला, आणि त्याला गाव येडा म्हणायचं.

चर्चमध्ये 'तारण' म्हणतात आणि बँकेतही 'तारण' म्हणतात. भानगड काय?

हा माझा आवडता प्रश्न. सोसायटीत मी रोज विचारायचो, "तारण काय देता?" म्हणजे कर्जाला हमी म्हणून सातबारा, दागिने, नाहीतर गोदामातला शेतमाल. रविवारी पाळक सांगायचे, "तारण विनामूल्य आहे." शब्द एकच: जे तारून नेतं ते. बँकेत तारण तुम्ही ठेवता आणि त्यावर बँक निर्धास्त असते. सुवार्तेत, म्हणजे येशूच्या शुभवर्तमानात, तारण देव देतो आणि निर्धास्त तुम्ही असता. इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात हेच सांगितलंय. कृपेने विश्वासाच्या द्वारे तारण झालं, ते तुमच्या हातून झालेलं नाही, ते देवाचं दान आहे.

म्हणजे कर्जमाफीसारखंच की!

वर्गात हे कुणीतरी म्हणणारच होतं. अर्धं बरोबर आहे.

२००८ ची केंद्राची कर्जमाफी मी टेबलाच्या आतल्या बाजूने पाहिली, २०१७ ची राज्याचीही आणि २०१९ च्या डिसेंबरात जाहीर झालेली दोन लाखांपर्यंतचीही. याद्या, अंगठे, रांगा, रात्री उशिरापर्यंत आकडे जुळवणं. प्रत्येक वेळी एक माणूस हमखास यायचा, ज्याने दरवर्षी मार्चअखेर बायकोची पोत गहाण टाकून का होईना, कर्ज वेळेवर भरलेलं असायचं. एकदा असाच एक शेतकरी काउंटरवर दोन्ही हात टेकून मला म्हणाला, "आप्पा, मी फेडलं हीच माझी चूक झाली का?" मी त्याला नियम वाचून दाखवला. पुढे नियमित भरणाऱ्यांना पन्नास हजारांपर्यंत प्रोत्साहन रक्कम देण्याची तरतूद आली, पण त्या दिवशी त्याच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ते उत्तर बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात, पंधराव्या अध्यायात आहे. माफी खातं कोरं करते, आणि खातं कोरं झालं तरी तुम्ही खातेदारच राहता. पुढच्या खरिपाला परत रांगेत. कृपा त्या रांगेतून तुम्हाला घरात नेते. हे नीट कळायला उधळ्या पुत्राची गोष्ट आखाजीच्या दिवशी वाचावी.

आखाजीचा आणि बायबलचा काय संबंध?

बायबलमध्ये काहीच नाही. माझ्या डोक्यात मात्र घट्ट आहे.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो. खान्देशात त्या दिवशी दोन गोष्टी होतात. सालदाराचं साल संपतं. म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचा हिशोब होतो, उचल किती घेतली, खाडे किती पडले, देणं-घेणं काय निघतं, आणि नवं साल ठरतं. त्याच दिवसासाठी सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात. निंबाला झोके बांधले जातात, खापरावरच्या पुरणपोळ्या होतात, आमरस होतो. एकाच ओट्यावर सकाळी वही उघडते आणि दुपारी लेक एस.टी.तून उतरते. लेकीची वही नसते. तिने वर्षभरात किती फोन केले, किती खाडे केले, कुणी मोजत नाही.

आता गोष्ट वाचा. धाकटा मुलगा बाप जिवंत असताना वाटणी मागतो, परमुलखात सगळं उडवतो, डुकरं राखायची वेळ येते. मग परतीच्या वाटेवर एक भाषण तयार करतो: "बाबा, मी तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला लायक नाही, मला तुमच्या एखाद्या गड्यासारखं ठेवा." म्हणजे तो घरी येतोय सालदारकी मागायला. बाप त्याला दुरून पाहतो आणि धावतो. आमच्याकडे सत्तरीतला बाप पोराकडे गल्लीतून धावताना तुम्ही कधी पाहिलाय? धोतराचा सोगा हातात धरून? लोक काय म्हणतील! मुलगा भाषण सुरू करतो, पण लूकने दिलेल्या बोलण्यात गडी म्हणून ठेवण्याचं वाक्य येतच नाही. त्याआधी बाप झगा, अंगठी आणि जोडे आणायला सांगून मोकळा झालेला असतो.

थोरला शेतातून येतो, वाजंत्री ऐकून बाहेरच थांबतो आणि बापाला काय म्हणतो? "इतकी वर्षं मी तुमची चाकरी करतोय." हाही सालदारच निघाला! घरात राहून, बापाच्या ताटात जेवून, मनात खाडे-उचलीची वही ठेवणारा. काउंटरवर हात टेकून उभा राहिलेला माझा शेतकरी तो हाच. बाप त्याच्यासाठीही बाहेर येतो आणि जे म्हणतो ते आमच्या अहिराणीत फार थेट उतरतं: "मनं जे शे, ते समदं तुनंच शे." थोरला आत गेला की नाही, ते येशूने सांगितलेलं नाही. मी वर्गात प्रत्येक वर्षी विचारतो. निम्मी पोरं म्हणतात गेला, आणि न गेला म्हणणारी बहुतेक घरातली थोरली असतात.

कृपा फुकट आहे तर क्रूस कशाला हवा होता? देवाला नुसतं 'जाऊ दे' म्हणता आलं नसतं का?

माझे वडील बारा एकर कोरडवाहूचे धनी. आमच्याकडे एक सालदार होता, आम्ही पोरं त्याला आबाच म्हणायचो. एका साली लेकीच्या लग्नासाठी त्याने मोठी उचल घेतली आणि दिवाळीआधी त्याला कावीळ झाली. चार महिने खाडा. आखाजीच्या सकाळी वडील ओट्यावर लाल कापडी बांधणीची वही घेऊन बसले. आबा पायरीवर, टोपी हातात. रिवाजाप्रमाणे खाडे पुढच्या साली भरून द्यायचे आणि उचल डोक्यावर राहायची. वडिलांनी बराच वेळ पान पाहिलं. मग टाक उचलून वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत एक तिरकी रेघ ओढली आणि खाली लिहिलं, 'बेबाक'. आबाला वाचता येत नव्हतं. तो विचारत राहिला, "काय निंघनं मनाकडे?"

आबाला ती रेघ फुकट पडली. आम्हाला नाही. कापसाचा भाव पडलेला, चार महिने बदली मजूर लावलेला. आईच्या पाटल्या सावकाराकडे गेल्या त्या दोन वर्षांनी परत आल्या, तेही एकच. 'जाऊ दे' म्हटल्याने देणं हवेत विरत नाही, ते म्हणणाऱ्याच्या अंगावर येतं. ख्रिस्ती माणूस क्रूसाकडे पाहतो तेव्हा त्याला दिसतं ते हेच, की देवाने देणं आपल्या अंगावर घेतलं. धर्मशास्त्रात याची उत्तरं अनेक आणि बारीक आहेत. मला आईचं मोकळं मनगट पुरतं.

मग कसंही वागलं तरी चालेल? पाप करा, कृपा आहेच!

पौलालाही हाच प्रश्न टाकला गेला होता. रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायाची सुरुवातच ती आहे, आणि त्याचं उत्तर: मुळीच नाही. जर्मन पाळक डीट्रिख बॉनहॉफर यांनी अशा समजुतीला 'स्वस्त कृपा' म्हटलं. पश्चात्तापाशिवाय क्षमा, शिष्यत्वाशिवाय कृपा. हिटलरच्या विरोधात उभे राहिल्याबद्दल एप्रिल १९४५ मध्ये त्यांना फाशी दिली गेली, त्यामुळे त्यांच्या तोंडी हा शब्द शोभतो.

उलट बाजूचंही सांगतो. जॉन न्यूटन हा इंग्रज खलाशी १७४८ च्या वादळात देवाकडे वळला, आणि त्यानंतरही काही वर्षं गुलामांची ने-आण करणारी जहाजं चालवत राहिला. पुढे पाळक झाला. त्या व्यापाराविरुद्ध त्याने उघडपणे लिहिलं ते १७८८ साली. चाळीस वर्षं! कृपा लागू पडली की माणूस एका रात्रीत बदलतो, हे साक्ष देणाऱ्यांचं आवडतं वाक्य आहे. मला न्यूटनचा हिशोब जास्त ओळखीचा वाटतो.

द्राक्षमळ्यातल्या मजुरांची गोष्ट सरळसरळ अन्यायाची नाही का?

मत्तयच्या विसाव्या अध्यायात मालक पहाटे मजूर लावतो, पुन्हा नऊला, बाराला, तीनला आणि संध्याकाळी पाचला. सहाला सगळ्यांना सारखाच एक दिनार, म्हणजे त्या काळचा दिवसाचा रोज. सकाळपासून उन्हात राबलेले चिडतात. कापूस वेचणीला किलोवर मजुरी मोजणाऱ्या आमच्या भागात ही गोष्ट सांगून पाहा, बायका तुम्हाला शेतातून हाकलून देतील.

पण पाचला उभे असलेले काय म्हणतात ते पाहा: "आम्हाला कुणी कामावर लावलंच नाही." ते आळशी नव्हते, उरले होते. चौकातल्या मजूर अड्ड्यावर दहा वाजून गेल्यावरही उभी असलेली म्हातारी माणसं ज्याने पाहिली आहेत, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. अर्ध्या दिनारात त्यांच्या घरची चूल अर्धीच पेटली असती.

आणि एक गोष्ट मालकांनी ऐकावी. कामाची मजुरी देणं ही कृपा नाही. रोमकरांस ४:४ मध्ये पौलच म्हणतो की काम करणाऱ्याचं वेतन कृपा नव्हे, ते ऋण आहे. याकोबाच्या पत्रात अडवून ठेवलेली मजुरी ओरडते. म्हणून वडिलांच्या त्या रेघेबद्दल मोठेपणी मला शंकाही येते. आबाचं साल मुळातच एवढं तुटपुंजं होतं की ती रेघ कृपा होती की उशिरा दिलेला न्याय, हे मला ठरवता येत नाही.

आपल्या संतांकडे कृपा नव्हती का? ख्रिस्ती लोकांनीच शोधली काय?

असं म्हणणारा खान्देशातून मुक्ताईनगरला कधी गेलेला नसावा. तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवांचं देऊळ आहे. चौदाशे वर्षं तप केलेला योगी ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसला आणि मायना काय लिहावा हे न सुचून त्याने कोरा कागद धाडला. एवढी वर्षं जगून हा कोराच राहिला, असं चिमुरडी मुक्ताई म्हणाली. शेवटी याच योग्याने तिला गुरू मानलं. कमाईचा डोंगर घेऊन आलेला माणूस एका मुलीपुढे रिकामा होतो, ही कथा मला कृपेच्या फार जवळची वाटते.

१८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक म्हणत की आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. फरक आहेच, तो लपवू नये. ख्रिस्ती श्रद्धेत कृपा एका माणसाच्या, येशूच्या, जगण्या-मरण्या-उठण्याशी बांधलेली आहे. पण पूल आहे तो आहे.

कृपा मिळवण्यासाठी ख्रिस्ती व्हावं लागतं का?

देव आपला सूर्य चांगल्या-वाईटांवर उगवतो आणि पाऊस सगळ्यांच्या शेतावर पाडतो, असं येशू म्हणतो. साक्रीकडचा माणूस म्हणेल, पडला तर! येशूवर विश्वास ठेवावा ही चर्चची हाक आहे आणि ती मी मानतो. पण काही देऊन त्याच्या बदल्यात श्रद्धा मागणं हा सौदा झाला, आणि सौद्याला कृपा म्हणू नये. कुणी तसं करत असेल तर त्याला प्रभूच्या नावाने हे सांगायला मी तयार आहे.

कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांची कृपा वेगळी आहे का?

भांडण जुनं आहे. माणूस स्वतःच्या बळावर चांगला होऊ शकतो असं पेलागियस नावाचा साधू मानी, बिशप ऑगस्टिन नाही म्हणे, आणि ४१८ च्या कार्थेजच्या परिषदेने पेलागियसचं मत नाकारलं. १५१७ नंतर प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या लूथरमुळे वाद पुन्हा पेटला: केवळ विश्वासाने, की कृपेने घडलेल्या सत्कृत्यांसह? कॅथलिक परंपरा सात संस्कारांतून, म्हणजे बाप्तिस्म्यासारख्या विधींतून, मिळणाऱ्या कृपेवर भर देते. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्गला कॅथलिक चर्च आणि लूथरन जागतिक महासंघाने याच वादाबद्दलच्या संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या, २००६ मध्ये मेथडिस्टही त्यात आले. सुरुवात देवाच्या कृपेने होते यावर आता दोघांचं एकमत आहे. भुसावळला फादर आणि पाळक एकाच टपरीवर चहा पितात, ते मी पाहिलं आहे. बिल कोण देतो यावर वाद होतो.

घरात, नवरा-बायकोत, सासू-सुनेत कृपा कशी दिसते?

पहिल्या करिंथकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायात प्रीती अपकार मनात धरत नाही, असं आहे. तिथलं मूळ ग्रीक क्रियापद जमाखर्चाचं आहे: प्रीती वाईटाची नोंद वहीत घेत नाही. आम्ही मात्र आहेराचीही वही ठेवतो. कुणी किती टाकला, परत किती टाकायचा.

माझी आई सहा वर्षं लकव्याने अंथरुणावर होती. त्याआधी बावीस वर्षं तिने माझ्या बायकोच्या प्रत्येक भाकरीला खोड काढलेली. आता तीच बायको कळण्याची भाकरी वरणात कुस्करायची, घास आईच्या डाव्या गालात ठेवायची, कारण उजवी बाजू लुळी होती, आणि घोट खाली उतरेपर्यंत गळ्याकडे पाहत थांबायची. एका जेवणाला पाऊण तास. एक दिवस आई वाकड्या तोंडाने म्हणाली, "तू जेवनी का?" बायको स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाली, "अहो, बावीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं." आणि परत जाऊन पुढचा घास कुस्करू लागली. या सगळ्यात माझा वाटा किती होता, हे विचारू नका. विचारलंच तर, कमी. सुनांकडून कृपेची अपेक्षा करणं मुलांना फार सोपं जातं, हेही लिहून ठेवतो.

नवरा मारतो. सहन करणं म्हणजे कृपा का?

नाही. बाहेर पडा, माहेरी या, कुणाला तरी सांगा. मारहाण झाली तर ११२ ला फोन करा, महिला हेल्पलाइन १८१ आहे, आणि कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा कायदा आहे. जो पाळक किंवा जी सासू बायबल पुढे करून तुम्हाला परत मार खायला पाठवते, तिला या पानावरचं एकही वाक्य वापरायचा अधिकार नाही. मनातून क्षमा करणं आणि त्याच छताखाली राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसऱ्याला क्षमा का करायची? त्याचं माझ्याकडे देणं खरंच आहे.

खरंच आहे, येशूही ते नाकारत नाही. मत्तयच्या अठराव्या अध्यायात एका चाकराला राजाने दहा हजार तालान्त माफ केले, आणि त्याने बाहेर येऊन शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरला. मी सवयीने हिशोब केला. एक तालान्त म्हणजे सुमारे सहा हजार दिनार. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला तीनशे दिवस काम धरलं तर फेडायला दोन लाख वर्षं. हे कर्ज मंजूर कुणी केलं, हा माझा पहिला प्रश्न होता! पण शंभर दिनारही थोडे नाहीत, तीन-चार महिन्यांची कमाई आहे. तुमचं येणं खोटं आहे असं कुणी म्हणत नाही. फक्त ते दोन लाख वर्षांच्या शेजारी ठेवून पाहा.

मला कृपा जाणवतच नाही. काय करू?

जेवा, झोपा, उपासनेला येऊन नुसते बसा. जाणवलीच पाहिजे असं नाही. झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जा. तीही देवाचीच माणसं.

ख्रिस्ती घरात आखाजी करतात का?

घरागणिक वेगळं. आम्ही गौराई मांडत नाही, पितरांची घागर भरत नाही. पण लेकीला बोलावतो, आंबे आणतो, निंबाला झोका बांधतो. मागच्या वर्षीचा दोर उंदरांनी कुरतडलाय, तो बाजारच्या दिवशी आणायचा आहे. लेकीने फोनवर विचारलं, "आप्पा, किती दिवस राहू?" तिची आई मागून ओरडली, "पहिले ये ते खरं, मंग बोलूत."